पांढरे फिलिंग झिरपते का? एक तपकिरी रेघ आणि दोनदा निघालेले सिमेंट

आपण एकाच प्रश्नात दोन तोंडांची चौकशी केली आहे, आणि ते बरेच झाले, कारण ही दोन तोंडे शेजारी ठेवली की उत्तराचा निम्मा भाग त्यातच सापडतो. आपल्या खालच्या दाढेत तीन वर्षांपूर्वी दाताच्या रंगाचे फिलिंग भरले आहे. दुखत-खुपत काही नाही, पण चावण्याच्या बाजूला फिलिंगच्या कडेने तपकिरी रेघ दिसू लागली आहे आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘हे झिरपतंय, काढून नवीन भरू’ असे सांगितले आहे. आपल्या आईंनी जवळजवळ चाळीस वर्षे मिश्री लावली. त्यांच्या उपदाढांना हिरडीलगत खाचा पडल्या आहेत आणि त्यांत भरलेले ‘पांढरे सिमेंट’ दोन वर्षांत दोनदा निघून हातात आले. त्यावरून आपण विचारता की ही पांढरी फिलिंगे मुळात घट्ट बसतात तरी का, आणि पूर्वीची चांदीच बरी होती की काय.

गेली तीस वर्षे मी हेच काम करतो आहे, आणि माझे मत असे की पांढरे फिलिंग किती घट्ट बसेल हे ते कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा त्याची कड दाताच्या कोणत्या भागावर संपते आणि ती कड भरताना कोरडी होती का, यावर ठरते. कड एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणावर, संपत असेल तर सांधा वर्षानुवर्षे टिकतो. जिथे एनॅमल संपते आणि दाताची मान सुरू होते, तिथे तोच डॉक्टर, चिकटद्रव्याची तीच बाटली आणि फिलिंग कडक करणारा तोच निळा दिवा असूनही सांधा कच्चा राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आपली रेघ पहिल्या जागी आहे आणि आईंची खाच दुसऱ्या. संपूर्ण जलाभेद्य म्हणावे असे फिलिंग मात्र आजवर कोणी बनवलेले नाही, हेही मान्य करून पुढे जाऊ.

एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. त्याला काही चिकटवण्याची युक्ती अमेरिकेतील रॉचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत तो आधी फॉस्फोरिक आम्लाने धुतात, हे त्यांना ठाऊक होते. तेच त्यांनी दातावर करून पाहिले. त्यांनी वापरलेले आम्ल ८५ टक्क्यांचे होते, आज आम्ही ३५ ते ३७ टक्क्यांचे निळे जेल १५ ते ३० सेकंद लावतो, धुतो आणि वाळवतो. वाळवल्यावर चकचकीत एनॅमल खडूसारखे निस्तेज पांढरे दिसले पाहिजे. हा पांढरेपणा म्हणजे खनिजाच्या सूक्ष्म कांड्या कमीजास्त झिजून झालेला खडबडीतपणा असतो. पातळ रेझिन, म्हणजे राळेसारखे घट्ट होणारे द्रव्य, त्या छिद्रांत शिरते, तिथेच कडक होते आणि असंख्य बारीक मुळ्या रोवल्यासारखे धरून बसते. पुढे राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचे रेझिन तयार करून १९६२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले, त्यात सिलिकाची बारीक पूड मिसळली, आणि आज ज्याला आपण कॉम्पोझिट म्हणतो त्या पांढऱ्या फिलिंगच्या साहित्याचा पाया पडला. एनॅमलवरची ही पकड इतकी भरवशाची आहे की इतक्या वर्षांत तिच्या मूळ कृतीत फारसा बदल करावा लागलेला नाही.

फ्लोरोसिस झालेल्या दातांचा अपवाद मात्र सांगितला पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, तिथे वाढलेल्या माणसांचे वरचे एनॅमल आम्लाला दाद देत नाही. ते थोडे घासून घ्यावे लागते, किंवा आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते. नेहमीच्या सेकंदांवर भरवसा ठेवला तर पकड फसवी ठरते.

एनॅमलच्या आत डेंटीन असते आणि अडचण तिथून सुरू होते. डेंटीनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के कोलॅजेनसारखे सेंद्रिय पदार्थ आणि १० टक्के पाणी असते. शिवाय त्यात नसेपासून बाहेरच्या दिशेने गेलेल्या बारीक नलिका असतात, बाहेरच्या बाजूला दर चौरस मिलिमीटरला वीसएक हजार आणि नसेजवळ त्याच्या दुपटीहून अधिक. प्रत्येक नलिकेत द्रव असतो आणि तो नसेकडून बाहेर ढकलला जात असतो. म्हणजे आम्ही ज्या भिंतीला गिलावा चिकटवायला निघालो, ती भिंत आतून पाझरते आहे. ती पूर्ण वाळवणे शक्य नाही आणि वाळवली तरी चालत नाही. आम्लाने वरचे खनिज काढून घेतल्यावर उरलेले कोलॅजेनचे धागे पाण्याच्या आधाराने उभे असतात, आणि हवेचा फवारा जरा जास्त वेळ मारला की ते ओल्या केसांसारखे एकमेकांना चिकटून आडवे पडतात. मग रेझिन आत शिरायला जागा उरत नाही. उलट पाणी जास्त राहिले तर रेझिन पातळ होऊन नीट कडक होत नाही. आम्हाला हवी असते ती या दोहोंमधली अवस्था: डबके नाही, पण ओलसर चमक आहे. ही चमक भिंगातून पाहून ओळखायला मला काही वर्षे लागली. बाटलीवरच्या सूचनेत ‘ओलसर ठेवा’ एवढेच लिहिलेले असते.

१९८२ मध्ये जपानच्या नाकाबायाशी यांनी दाखवून दिले की रेझिन त्या कोलॅजेनच्या जाळीत मुरून कडक झाले की काही मायक्रॉन जाडीचा एक मिश्र थर तयार होतो. त्याला हायब्रिड लेअर म्हणतात, आणि डेंटीनवरची पकड जी काही असते ती या थराची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या पातळ थरावर दाढ दिवसभर चावत असते.

आता आकुंचनाकडे वळू. कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाने कडक होताना त्याचे रेणू जवळ ओढले जातात आणि त्याचे आकारमान साधारण दोन ते तीन टक्क्यांनी घटते. पातळ वाहत्या कॉम्पोझिटमध्ये ही घट आणखी जास्त असते. आकडा किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब करून दाखवतो. आकारमानातली दोन टक्क्यांची घट एका दिशेत मोजली तर सुमारे ०.७ टक्के होते. चार मिलिमीटर रुंदीच्या खड्ड्यात ती जवळजवळ २७ मायक्रॉन भरते. दात किडवणारा जिवाणू अर्धा ते एक मायक्रॉनचा असतो. म्हणजे हे सगळे आकुंचन एकाच कडेला फट होऊन बाहेर पडले, तर त्या फटीत जिवाणूंची पंचवीस-तीस जणांची रांग आरामात उभी राहील. प्रत्यक्षात एवढी फट पडत नाही, कारण काही ताण कॉम्पोझिट मऊ असतानाच जिरतो आणि काही दाताच्या भिंती आत ओढल्या जाऊन घेतात. पण उरलेला ताण सर्वांत कमजोर सांधा शोधतो आणि तिथे तो उकलतो. एनॅमलची कड बहुधा धरून राहते, डेंटीनची सुटते. कधी एनॅमल धरून राहते पण स्वतःच कडेपाशी चिरते, आणि पॉलिश करताना फिलिंगभोवती बारीक पांढरी रेघ दिसते. ती पाहिली की मला त्या दिवसाचा चहा गोड लागत नाही.

खड्ड्याच्या आकाराचाही इथे संबंध येतो. चावण्याच्या बाजूच्या डबीसारख्या खड्ड्यात फिलिंग पाच भिंतींना चिकटलेले असते आणि एकच पृष्ठभाग मोकळा असतो. त्यामुळे आकसताना सैल पडायला त्याला वाव नसतो आणि ताण सर्वांत जास्त येतो. म्हणून आम्ही दोन-दोन मिलिमीटरचे तिरके थर देत, प्रत्येक थर वेगळा कडक करत जातो. अलीकडे चार मिलिमीटरचा थर एकदम भरता येणारी कॉम्पोझिटे निघाली आहेत आणि त्यांतली काही चांगली आहेत. पण ‘वेळ वाचतो’ हे त्यांचे मुख्य आकर्षण असेल तर वाचलेला वेळ कड कोरडी ठेवण्यात घालवावा, असे मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना सांगतो.

भरून झाल्यावर तापमानाचा खेळ सुरू होतो. एनॅमल आणि डेंटीन तापल्यावर जेवढे प्रसरण पावतात त्याच्या दोन ते चार पट कॉम्पोझिट पावते. चहाचा घोट आणि त्यावर फ्रिजमधले पाणी एवढ्यानेही चार मिलिमीटरच्या फिलिंगच्या कडेला एक-दोन मायक्रॉनची हालचाल होऊ शकते, आणि ती रोज, वर्षानुवर्षे होते. फट आधीच असेल तर तीतून द्रव आत-बाहेर होत राहतो. याउलट कॉम्पोझिट लाळेतले थोडे पाणी शोषून काही आठवड्यांत किंचित फुगते आणि आकुंचनाची थोडी भरपाई करते. निसर्गाने या हिशेबात आपल्या बाजूने टाकलेली ही एक छोटी रक्कम आहे, पण तिच्यावर विसंबून कोणी भरू नये.

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात आम्ही ही गळती डोळ्यांनी पाहत असू. दात सरळ करण्यासाठी तारा लावण्यापूर्वी काढलेल्या निरोगी उपदाढा घ्यायच्या, त्यांत फिलिंग भरायचे, मग पाच अंश आणि पंचावन्न अंश सेल्सिअसच्या पाण्यात आळीपाळीने शेकडो वेळा बुडवायचे. नंतर मुळाचे टोक बंद करून, फिलिंगच्या कडेपासून एक मिलिमीटर सोडून बाकी सगळ्या दाताला नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे आणि चोवीस तास मिथिलिन ब्लूच्या द्रावणात ठेवायचे. आमच्या प्रयोगशाळेत लाल नेलपॉलिशच्या बाटल्यांची रांग असे आणि नवे विद्यार्थी त्याला हसत. मग हिऱ्याच्या पातळ चकतीने दात उभा कापायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळा रंग कुठवर गेला ते पाहायचे. चित्र जवळजवळ दर वेळी सारखेच दिसे. वरच्या, एनॅमलच्या कडेला निळा रंग दारातच थांबलेला, आणि खालच्या, हिरडीकडच्या कडेला एक बारीक निळी रेषा आत, कधी थेट खड्ड्याच्या तळापर्यंत गेलेली. कोणतेही बाँडिंग, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारे पातळ रेझिन, वापरले तरी हा फरक पूर्ण पुसला गेला नाही; चांगल्या बाँडिंगने तो कमी झाला इतकेच.

परंतु या प्रयोगांवरून रुग्णाला घाबरवणे चुकीचे आहे. मिथिलिन ब्लूचा रेणू जिवाणूच्या मानाने शेकडो पटींनी लहान असतो; तो जिथे शिरतो तिथे जिवाणू शिरेलच असे नाही. १९९५ मध्ये सानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर वरवर कुठेही फट नसलेल्या सांध्यातही चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म कण शिरतात हे दाखवले आणि त्याला नॅनोलीकेज असे नाव दिले. प्रयोगशाळेत झिरपलेली कित्येक फिलिंगे तोंडात मजेत राहतात. गळतीचा आकडा आणि तोंडातले आयुष्य यांचे नाते सैल आहे, हे त्या क्षेत्रातल्या लोकांनीच मान्य केलेले आहे. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या तक्त्यांकडे मी आता त्याच नजरेने पाहतो.

चांदीचे, म्हणजे पाऱ्याच्या अमाल्गमचे, वागणे याच्या नेमके उलटे असते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. अमाल्गम दाताला चिकटतच नाही. ते अडकून बसावे म्हणून आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरावा लागतो, त्यात चांगला दातही जातो. भरल्या दिवशी त्याच्या कडेने गळती असतेच. पण पुढच्या महिन्यांत धातू कडेपाशी हळूहळू गंजतो आणि तो गंजच फट बुजवत जातो. म्हणजे चांदी पहिल्या दिवशी सर्वांत वाईट असते आणि मग सुधारते. कॉम्पोझिट पहिल्या दिवशी सर्वांत चांगले असते आणि मग उतरत जाते. चांदी ओलही पुष्कळ सहन करते. पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या कासा पिया शाळांतील मुलांवर सात वर्षे चाललेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॉम्पोझिटच्या कडेला पुन्हा कीड लागण्याचा धोका चांदीच्या साडेतीनपट आढळला होता. त्यानंतर बाँडिंग बरेच सुधारले, आणि आता मोठ्या माणसांच्या दाढांतील कॉम्पोझिटे दर वर्षी शंभरांत एक ते तीन या प्रमाणात निकामी होतात असे दीर्घ पाहण्या सांगतात. तेव्हा ‘चांदीच बरी होती’ या म्हणण्यात तथ्य आहे, पण परत फिरण्याची वाट अरुंद होत चालली आहे. पाऱ्याच्या प्रदूषणावरील मिनामाता करारात अमाल्गमचा वापर कमी करत नेण्याचे ठरले आहे, आणि युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून वैद्यकीय गरजेचे मोजके प्रसंग वगळता ते बंदच केले आहे. चांदी परत येईल या आशेवर बसण्यापेक्षा कॉम्पोझिटची कड सांभाळणे शहाणपणाचे.

ती कड सर्वांत जास्त बिघडते कुठे? दोन दाढांच्या मधल्या फटीत कीड लागून खड्डा खाली हिरडीपर्यंत गेला असेल, तर त्या खड्ड्याच्या तळाच्या कडेला. जे काही चुकू शकते ते सगळे तिथेच एकत्र येते. तिथे एनॅमल अगदी पातळ असते किंवा नसतेच. हिरडीतून रक्ताचा एक थेंब यायला तिथे फार काही लागत नाही. धातूची पट्टी आणि लाकडी पाचर नीट बसली नाही तर तिथूनच लाळ आत येते. आणि दिव्याचे टोक दाढेच्या माथ्यावर टेकलेले असताना तो तळ सहा-सात मिलिमीटर खोल असल्यामुळे प्रकाशही तिथेच सर्वांत क्षीण पोहोचतो. वरून फिलिंग दगडासारखे टणक लागते आणि तळाशी ते अर्धेकच्चे राहिलेले असते. आम्ल लावून धुतलेल्या पृष्ठभागावर लाळेचा एक थेंब आला की काही सेकंदांत प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो. तो दिसत नाही, म्हणून पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. अशा वेळी धुऊन, पुन्हा आम्ल लावून सुरुवातीपासून करावे लागते. यासाठीच मी रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, वापरतो. ही सॅनफर्ड बार्नम यांची १८६४ सालची कल्पना आहे, तिची किंमत नगण्य आहे, आणि तरीही आपल्याकडे ती फार थोड्या खुर्च्यांवर दिसते. रुग्णांना सुरुवातीला गुदमरल्यासारखे वाटते, पाच मिनिटांत सवय होते. तोंडातली दमट हवादेखील सांधा कमकुवत करते, त्यासाठीही हा पडदा कापसाच्या बोळ्यांपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

सांधा काळाने का सैल होतो, तेही थोडक्यात सांगतो. आम्लाने जितके खोल खनिज काढले तितके खोल रेझिन मुरले नाही, तर मध्ये उघड्या कोलॅजेनची एक पट्टी राहते. डेंटीनमध्येच झोपलेली एमएमपी नावाची एन्झाइमे आम्लाने जागी होतात आणि ते कोलॅजेन हळूहळू खातात. दुसरीकडून लाळेतील आणि काही जिवाणूंकडील एस्टरेज एन्झाइमे रेझिनचे बंध तोडत राहतात. यावर उपाय म्हणून सौम्य, स्वतःच आम्ल असलेली बाँडिंगे आली. ती खनिज पूर्ण काढत नाहीत, आणि त्यांच्यातला १०-एमडीपी नावाचा घटक दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो. डेंटीनवर ती चांगली चालतात, एनॅमलवर मात्र सौम्य पडतात. म्हणून मी निळे जेल फक्त एनॅमलच्या काठावर फिरवतो आणि डेंटीन सौम्य बाँडिंगवर सोडतो. ही बारीक सुईने काठ रंगवण्यासारखी कामगिरी आहे, पण तिने दोन्ही कडांचा मान राखला जातो. आणखी एक घरगुती गोष्ट: बऱ्याच बाँडिंगांत ॲसिटोन किंवा अल्कोहोल असते, बाटलीचे झाकण उघडे राहिले की ते उडून जाते आणि मागे राहिलेले घट्ट द्रव्य पूर्वीसारखे मुरत नाही. मे महिन्याच्या दुपारी टेबलावर उघडी ठेवलेली बाटली मी टाकून देतो.

आता आपली तपकिरी रेघ. चहा, कॉफी, हळद, पान यांचा रंग कडेपाशी बसायला अगदी उथळ खाचही पुरते. पुष्कळदा भरताना कॉम्पोझिटचा पातळ पापुद्रा मूळ कडेच्या पलीकडे, आम्ल न लावलेल्या एनॅमलवर राहून जातो, तो पुढे सुटतो आणि त्याखाली रंग शिरतो. मूळ सांधा मात्र शाबूत असतो. केवळ रंगावरून ‘आत कीड आहे’ असे म्हणता येत नाही. फिलिंगभोवतीचा दात वाळवल्यावर आतून करडा किंवा तपकिरी झाकोळल्यासारखा दिसतो का, कडेला मऊपणा किंवा उघडा खड्डा आहे का, अन्न अडकते का, गार पाण्याने सणक येऊन रेंगाळते का, चावताना विशिष्ट ठिकाणी कळ येते का, याला रेघेपेक्षा जास्त वजन आहे. अणकुचीदार सळीने कडेत जोराने खुपसून पाहण्याची जुनी पद्धत मला पसंत नाही, तिने चांगली कड तुटते. बाजूच्या कडेसाठी चावून धरायचा छोटा बाइटविंग एक्स-रे काढावा. त्यात फिलिंगखाली काळी रेषा दिसली तरी लगेच घाबरू नये, कारण काही बाँडिंगे एक्स-रेत दिसत नाहीत आणि कोपऱ्यात साठलेला त्यांचा जाड थर हुबेहूब किडीसारखा भासतो. रेषेला स्पष्ट, धारदार काठ असतील तर बहुधा ते बाँडिंग असते, विरत जाणारी सावली असेल तर कीड.

हे सगळे पाहून फक्त रंगच निघाला, तर ती रेघ पॉलिश करून घ्यावी. एखाद्या ठिकाणी खाच असेल तर तेवढाच भाग उघडून, घासून, नवे कॉम्पोझिट जोडावे. अख्खे फिलिंग काढताना दर वेळी थोडा चांगला दात जातो, खड्डा मोठा होतो, तळ नसेच्या आणखी जवळ सरकतो, आणि नव्या फिलिंगलाही आकुंचनाचे तेच नियम लागू असतात. दोन-तीन वेळा अशी अदलाबदल झालेल्या दाढा शेवटी रूट कॅनालला येतात. त्यांपैकी काहींत पहिल्या वेळी फक्त चहाचा डाग होता, असे मला जुने एक्स-रे पाहून वाटत आले आहे. दुसऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट आहे असे मी सुचवत नाही. त्यांनी पाहिलेले मी पाहिलेले नाही. एक्स-रे पाहून त्यांनी सावली दाखवली तर त्यांचे ऐकावे.

आईंची गोष्ट वेगळी आहे. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने घासल्याने दातांच्या मानेवर पाचरीसारख्या खाचा पडतात, हिरडी खाली सरकते. अशा खाचेच्या वरच्या काठाला एनॅमल असते, खालचा काठ मात्र मुळाच्या पृष्ठभागावर येतो. मधले डेंटीन पिवळसर, काचेसारखे चकचकीत झालेले असते, कारण शरीराने त्यातल्या नलिका खनिजाने बुजवून टाकलेल्या असतात. म्हणूनच एवढ्या खोल खाचा असूनही त्यांना गार पाणी फारसे झोंबत नसेल. पण याच बुजवण्यामुळे आम्ल आणि रेझिन आत शिरत नाही, खालच्या काठाला हिरडीचा ओलावा असतो, आणि फिलिंग अडकून बसावे असा आकारही नसतो. दोन वर्षांत दोनदा निघाले याचे मला आश्चर्य वाटत नाही.

अशा जागी मी बहुतेक वेळा रेझिन मिसळलेले ग्लास आयोनोमर निवडतो. ग्लास आयोनोमर हा विल्सन आणि केंट यांनी लंडनच्या सरकारी रसायनशाळेत शोधलेला आणि १९७२ च्या सुमारास पुढे आलेला पदार्थ. तो दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध करतो, तापल्यावर जवळजवळ डेंटीनइतकाच प्रसरण पावतो आणि थोडा ओलावा चालवून घेतो. दिसायला तो कॉम्पोझिटइतका सुरेख नसतो आणि लवकर झिजतो, पण मानेवरच्या खाचांत तो टिकून राहण्यात भरवशाचा आहे. हसताना दिसणारा दात असेल तर तळाला आयोनोमर आणि वरून कॉम्पोझिटचा थर असा जोड देता येतो. भरण्यापूर्वी तीन गोष्टी व्हायला हव्यात: चकचकीत डेंटीनचा वरचा थर बुरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने, हलका खरवडणे, हिरडी बारीक दोऱ्याने खाली सारून काठ मोकळा करणे, आणि एनॅमलच्या काठाला उतार देणे. आधीच्या खेपेला हे झाले होते का, ते विचारून पाहा. तात्पुरते म्हणून लवंगतेलाचे सिमेंट लावले असेल तर तेही सांगावे, कारण त्यातले युजेनॉल रेझिनला नीट कडक होऊ देत नाही.

मिश्री चालू राहिली तर कोणतेही फिलिंग त्याच वेगाने झिजेल. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते’ असे आमच्याकडे कित्येक बायका मनापासून सांगतात. त्यांना ती सवय तंबाखूची वाटतच नाही, म्हणून रागावून उपयोग होत नाही. आईंना खुर्चीवर बसवाल तेव्हा फिलिंगआधी डॉक्टरांना गालाच्या आत, खालच्या ओठामागे आणि जिभेच्या कडांना पांढरा किंवा लाल चट्टा, जाडपणा किंवा न भरणारी जखम आहे का ते नीट पाहायला सांगा. हे पाहण्यापुढे फिलिंगचा प्रश्न दुय्यम आहे. त्यानंतर दोन खाचा एकाच दिवशी भरू नका. एक भरून घ्या, सहा महिने पाहा, ती टिकली तर त्याच पद्धतीने दुसरी भरा. आपल्या दाढेचा बाइटविंग एक्स-रेही त्याच फेरीत काढून घ्या आणि तो जपून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी काढलेला नवा एक्स-रे शेजारी धरून ती रेघ खरोखर सरकली का हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येईल.